आईच्या पायात गमबूट

पत्र : मी 53 वर्षांची. इंदूरला सुदामानगरात राहते. गेल्या वर्षी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. चोवीस वर्षांची लेक जर्मनीत कीलला शिकते आणि जुलैअखेर तिच्याकडे जायचं ठरलंच होतं. आता तिच्या मैत्रिणीचं रद्द झाल्यामुळे वाकेनच्या हेवी मेटल, म्हणजे दणदणीत रॉक संगीताच्या, महोत्सवाचं एक तिकीट उरलंय. ती म्हणते, 'आई, तूच चल.' मी कुमार गंधर्वांची भजनं ऐकणारी बाई. तिने पाठवलेल्या व्हिडिओत माणसं गुडघाभर चिखलात नाचतायत. आमचे हे म्हणतात, चिखलात लोळायला जर्मनीला कशाला, सांवेरला आपल्या शेतावर जा. मला जावंसं वाटतंय, हे लिहितानाही हसू येतं. पण उजवा गुडघा कुरकुरतो, बीपीची गोळी चालू आहे, मी शाकाहारी आहे, आणि गर्दीचं म्हणाल तर रंगपंचमीची गेर, म्हणजे आमच्याकडची रंगांची मिरवणूक, सुद्धा मी आजवर दिराच्या गच्चीवरूनच पाहिली. माझ्यामुळे तिची मजा जाईल का?
— एक आई, इंदूर

ताई, जा.

पत्रात गुडघा, बीपी, गर्दी, जेवण सगळं आलंय, पण मधेच 'मला जावंसं वाटतंय' हेही आलंय. म्हणजे जावं की नाही हा प्रश्न तुमचा तुम्हीच सोडवलाय. सामानाची यादी लेक देईल. तिला सुचणार नाही ते मी लिहितो, कारण चोविशीत गुडघ्यांना आवाज नसतो.

तुमच्या यजमानांच्या टोमण्यात अर्धं तथ्य आहे. सांवेरकडच्या सोयाबीनच्या शेतात जुलैमध्ये चाललेल्या बाईला चिखल काय असतो हे शिकवायला नको. पण आपली काळी माती चिकट. चार पावलांत चपलेखाली मातीची दुसरी चप्पल तयार होते आणि माणूस बोटभर उंच होतो. तिथला प्रकार निराळा. वाकेन हे हांबुर्गच्या वायव्येला श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यातलं जेमतेम दोन हजार वस्तीचं खेडं. 1990 साली टोमास येन्सन आणि होल्गर ह्यूब्नर या दोघा मित्रांनी सहा बँड बोलावून हा महोत्सव सुरू केला, तेव्हा आठशेच्या आसपास माणसं आली होती. आता पंच्याऐंशी हजार येतात, आणि येतात ती शेतांवर आणि गुरांच्या कुरणांवर. पाऊस आला की गवत पहिल्याच दिवशी संपतं. मग एवढे पाय, गाड्या आणि ट्रॅक्टर मिळून जमिनीचा पातळ राडा करून टाकतात. हा राडा पायाला चिकटण्यापेक्षा पाय धरून ठेवतो. बूट आत राहतो आणि मोजा बाहेर येतो.

म्हणून तिथे पाय सरळ वर उपसायचा नाही. आधी टाच डावी-उजवीकडे हलवायची, म्हणजे फटीतून हवा आत जाते. मग टाच उचलायची आणि शेवटी चवडा. गुडघा दुखावतो तो सरळ उपसताना आणि पाय रुतलेला असताना कमरेतून वळलात की. कुणी मागून हाक मारली तरी गर्रकन वळू नका, छोटी छोटी पावलं टाकत अख्खं अंग वळवा. रोज रात्री गुडघ्याला पट्टा बांधत असाल तर तो तिथे दिवसाही बांधा. काठी तंबूच्या परिसरात उपयोगी पडेल, पण स्टेजच्या मैदानात ती आत नेऊ देतीलच असं नाही. छत्री तर घेऊच नका. अशा गर्दीत छत्री म्हणजे मागच्याच्या डोळ्याला धोका, आणि गेटवर ती काढून घेतात.

बूट गमबूटच हवेत, पोटरीभर उंचीचे. घोट्यापर्यंतच्या ट्रेकिंगच्या बुटांत एकदा वरून पाणी शिरलं की ते तिथल्या हवेत चार दिवस वाळत नाहीत. सियागंजात गमबूट स्वस्त मिळतील, पण जड असतात आणि विमानाच्या सामानात निम्मं वजन तेच खातील. तिकडेच घ्या. जाड मोजा घालून बोटं हलली पाहिजेत, पण चालताना टाच आतल्या आत वर सरकता कामा नये, सरकली की फोड आलाच. घेतल्यावर लेकीच्या घरात दोन दिवस घालून वावरा. स्वयंपाक करतानाही घाला, ती हसली तर हसू द्या. रेनकोट मात्र इथूनच न्या. स्कूटीवर घालता तोच, जॅकेट आणि पँटचा.

आता मुख्य मुद्दा. चिखलापासून स्वतःला वाचवायचा प्रयत्नच करू नका. पहिल्या तासाभरात पोटरीपर्यंत माखून घ्या आणि तो विषय संपवा. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांचे हाल होतात ते बहुधा स्वच्छ राहायच्या धडपडीत. कोरडा तुकडा शोधत उड्या मारतात, घसरतात, हात टेकतात, चिडतात. चिखल लागल्याने सहसा कुणी आजारी पडत नाही, त्रास होतो तो ओल्या अंगाने रात्र काढली की. उत्तर जर्मनीत भर ऑगस्टातही रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांवर येतं, म्हणजे आपल्या इंदूरच्या डिसेंबरातली थंडी. त्यात सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेत राहतो. सुती कुर्ते आणि जीन्स कीलमध्ये ठेवून जा. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं काहीतरी घाला. मेटलवाले काळे कपडे घालतात, पण काळंच घातलं पाहिजे अशी सक्ती नाही, ओढणी मात्र नको.

पायांचं तर विशेष सांभाळा. ओल्या मोज्यात पाय तासन्‌तास राहिले की कातडी पांढरी पडते, सुरकुतते, मग बधिर होते. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या असलेल्या हजारो सैनिकांचे पाय असेच निकामी झाले. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही, ओल आणि साधा गारठा पुरतो. तुमच्यावर ती वेळ येणार नाही, कारण रात्री तुम्ही पुढचं सगळं न कंटाळता करणार आहात.

तंबूच्या दाराशी घडीचं छोटं स्टूल ठेवा, म्हणजे गुडघ्यावर भार न देता बसता येईल. रेनकोटची पँट काढायच्या आधी एक पाय पुढे करा, लेकीला टाचेकडून बूट ओढायला सांगा, मग दुसरा. बूट बाहेरच्या पडद्याखाली आडवे ठेवा. उभे ठेवलेत तर सकाळी आत पाणी सापडेल. ओले मोजे तिथेच एका पिशवीत जाऊ देत. मग स्टुलावरून मागे सरकून बूड आधी आत घ्या, पाय अजून बाहेरच. ते पुसा, बोटांच्या बेचक्यासुद्धा, आणि मग आत. आत एका बंद पिशवीत लोकरी मोज्यांचा एक जोड असेल, तो आता घाला. त्यांना सोवळ्यातले मोजे समजा. ते तंबूच्या बाहेर कधीही जात नाहीत, बाहेरचं काही त्यांना शिवत नाही, आणि लेकीने 'आई, माझे भिजले, देतेस?' म्हटलं तरी द्यायचे नाहीत. स्लीपिंग बॅगखाली जाड मॅट हवी. थंडी वरून येते त्याहून जास्त जमिनीतून वर चढते.

रात्री बाथरूमला उठावं लागणार, हे या वयात धरूनच चाला. डोक्याला लावायची बॅटरी उशाशी ठेवा. आपल्या बायका यावर एक चुकीचा उपाय करतात, तो म्हणजे पाणीच पीत नाहीत. बीपीची गोळी चालू असताना दिवसभर उभं राहून हे करू नका, चक्कर येईल. तिथल्या सोयी मोठ्या गर्दीच्या ठिकाणी असतात तशाच, सकाळी बऱ्या, रात्री कशाबशा. संडासात पाणी नसतं, कागदच असतो. एक लिटरची रिकामी बाटली फक्त त्या कामासाठी वेगळी ठेवा. हे लेक तुम्हाला लिहून कळवणार नाही, म्हणून मी लिहिलं.

आवाजाबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, पण गुडघ्यापेक्षा मला तुमच्या कानांची काळजी आहे. गुडघा दुखला तर कळतो. कान जातात ते हळूहळू, आणि गेलेलं परत येत नाही. 85 डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणं ही सुरक्षिततेची हद्द मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला फक्त पाव तास उरतो. जर्मनीत प्रेक्षकांसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीने 99 डेसिबलचं मानक आहे. तेवढ्यात तुम्ही दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत उभ्या राहणार. फोमचे इअरप्लग घ्या आणि नीट घाला. बरेच लोक ते कानाच्या तोंडाशी नुसते टेकवतात. चिमटीत गोल फिरवून प्लग वातीएवढा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, मग तो आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. चिखलाच्या हाताने हे करू नका. बरोबर बसला की ढोलकाचा दणका छातीत जाणवतो आणि तरी शेजारचं बोलणं समजतं.

गर्दीबद्दल. गेर तुम्ही गच्चीवरून पाहिलीत यात कमीपणा काही नाही, राजवाड्याची ती गर्दी मलाही वरूनच आवडते. वाकेनला गच्ची नसली तरी मैदान प्रचंड आहे आणि उभं कुठे राहायचं हे तुमच्या हातात असतं. स्टेजसमोर मैदानाच्या मध्यावर आवाज नियंत्रित करणाऱ्यांचा एक मनोरा असतो. त्याच्या आसपास, थोडं बाजूला उभ्या राहा. आवाज तिथे सगळ्यात स्वच्छ येतो, कारण तो जुळवणारी माणसं तिथेच बसलेली असतात, आणि लोटालोटी तिथवर फारशी येत नाही.

पुढे मात्र एकमेकांना धडका देत नाचतात, तेच तुमच्या व्हिडिओत असणार. त्याला मॉश पिट म्हणतात. आधी गर्दीत एक रिकामं रिंगण पडतं, दोन-चार जण हात पसरून लोकांना मागे सारतात. ते दिसलं की तुम्हीही चार पावलं मागे या. बघण्यासारखं आहे, लांबून जरूर बघा. सहा फुटी, दाढीवाला, कोपरापर्यंत चिखल माखलेला गडी घसरून पडतो आणि पुढच्या क्षणाला पाच-सहा हात त्याच्या बगलेत असतात. त्याला उभा करतात, कुणी त्याची चिखलात पडलेली टोपी शोधून उंच धरतं, आणि पुन्हा धडका सुरू. पडलेल्याला उचलायचं हा तिथला न लिहिलेला कायदा आहे. तुम्हाला वाट हवी असेल तर खांद्यावर हलकेच हात ठेवा, बाजूला होतात. वाकेनच्या गर्दीत मला ढकलाढकलीपेक्षा 'माफ करा' जास्त ऐकू आलंय. फक्त एक ध्यानात ठेवा. माणसं डोक्यांवरून वाहत पुढे नेण्याची तिथे पद्धत आहे, आणि ती मागून येतात. पुढच्या भागात असाल तर अधूनमधून मागे वळून बघत जा.

घरात कुणी तिथे सगळे उंचावतात त्या तर्जनी आणि करंगळी उभारलेल्या हातावरून सैतानपूजेची शंका काढली, तर सांगा की ती खूण मेटलमध्ये रूढ केली रॉनी जेम्स डिओ या गायकाने, आणि त्याने ती उचलली त्याच्या इटालियन आजीकडून. ती दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटं करायची. आता यावर सासूबाईंना काय म्हणायचं ते म्हणू देत.

संगीत आवडेल का? माहीत नाही. कुणी म्हणेल की मेटल आणि आपलं शास्त्रीय आतून एकच, रियाज दोन्हीकडे आहेच वगैरे. असल्या सोयरिकी जुळवत बसू नका, कुमारजी देवासला राहू देत. वाकेनचं जे आहे ते तसंच ऐका. सुरुवात गावच्या अग्निशामक दलाच्या बँडपासून करा. वाकेन फायरफायटर्स नावाने ते दर वर्षी वाजवतात, तुताऱ्या आणि ढोल घेऊन, आणि समोर हजारो काळे टीशर्ट खुशाल नाचतात. जायच्या आधी घरी दिल्लीचा ब्लडीवूड हा मेटल बँड ऐका. 2019 मध्ये ते वाकेनला ढोल घेऊन गेले होते, त्या ढोलाचं बोट धरून आत शिरता येईल. घशातून गुरगुरणारं गाणं आधी अंगावर येईल. ती माणसं रागावलेली नसतात, स्वरतंतूंच्या वरचे पडदे कंपित करून तो आवाज काढतात आणि तो कमवायला वर्षं लागतात. प्रत्येक बँडला तीन गाणी द्या. नाही रुचलं तर कॉफी प्यायला निघून जा, कुणाला वाईट वाटत नाही.

जेवणाचं सोपं आहे. जर्मनीत शाकाहारी आणि वेगान (दूधही नसलेलं) अशा पाट्या आता सगळीकडे दिसतात. फलाफल मिळतं, बटाट्याचे फ्राइज मिळतात, आणि हांडब्रोट नावाचा गरम पाव मिळतो, आत चीज आणि मशरूम. त्यातच हॅमचाही प्रकार असतो, तेव्हा विचारून घ्या. इथून शेव, चिवडा, खाकरा न्या. पण सराफ्यातली मावाबाटी, पेढे, तुपातले लाडू बॅगेत भरू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, विमानतळावर टाकून द्यावे लागतील. पिकनिकला निघाल्यासारखे डबेही नकोत, तंबूत उघडायची सोय नसते. कचऱ्याची एक मोठी पिशवी मात्र न्याच. इंदूरकर बाईला तिथली शेवटच्या सकाळची अवस्था बघवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला वाटतं खरा तोच आहे. लेकीने तुम्हाला केवळ औपचारिकता म्हणून विचारलेलं नाही. मैत्रिणीचं तिकीट तिला सहज विकता आलं असतं. तिची मजा तुमच्या तिथे असण्याने जाणार नाही. जाईल ती दर तासाला 'तू जा, मी बसते इथेच' असं म्हणत राहिल्याने. त्या वाक्याने पोरीला धड जाताही येत नाही आणि थांबताही येत नाही. आधीच वाटून घ्या. रोज दोन बँड ती एकटी, पुढे, धक्क्यांत. दोन तुम्ही दोघी मनोऱ्यापाशी. एक वेळ तुम्ही एकट्या, जिथे वाटेल तिथे. भेटायची जागा हलणारी नको. 'त्या पिवळ्या तंबूपाशी' असं ठरवलंत तर संध्याकाळी तिथे तसे चाळीस पिवळे तंबू सापडतील. आणि ती बिअर पिईल. त्या मैदानाखालून 2017 पासून बिअरची पाइपलाइन टाकलेली आहे, इंदूरला नर्मदेची आहे तशी. तुमच्या भुवया वर गेल्याने ती बंद पडणार नाही. काय वाटतं ते बोलायचं असेल तर कीलला घरी बोला, तिच्या मित्रांसमोर नको.

आता जाण्यायेण्याचं. कुणी गाडीने नेतो म्हणालं तरी इत्झेहो या जवळच्या शहरापर्यंत रेल्वेने आणि तिथून महोत्सवाच्या बसने जा. शेतात लावलेल्या गाड्या चिखलातून ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतात आणि त्यात अर्धा दिवस जातो. 'पाऊस असो वा ऊन' हे वाकेनचं ब्रीद आहे खरं, पण 2023 मध्ये इतका पाऊस झाला की आयोजकांना प्रवेशच थांबवावा लागला. हजारो तिकीटवाले वाटेतून परत फिरले, त्यांना पैसे परत मिळाले. तेव्हा निघायच्या आदल्या दिवसापासून अधिकृत सूचना बघत राहा आणि नाही म्हणाले तर मुकाट्याने कीलला परत फिरा. विजा कडाडायला लागल्या तर तंबूचा भरवसा नाही. बंद गाडी किंवा बस सुरक्षित, सांगतील तिकडे लगेच निघा. भारतात परतायचं विमान महोत्सव संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं घेऊ नका, मधे दोन-तीन दिवस तरी ठेवा. जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, त्यात आधीपासूनच्या बीपीबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या. गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, एक संच तंबूत आणि एक अंगावर, बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह.

यजमानांना एवढंच सांगून ठेवा की एवढी माणसं एका खेड्यात जमली की फोनचं नेटवर्क बसतं. रोज सकाळी एक मेसेज येईल, तो उशिरा पोचला तर जर्मन पोलिसांना फोन लावायचा नाही. व्हिडिओ कॉलचं वचन देऊ नका.